होलोग्राफिक प्रकाशीय तबकडी

लेसरच्या दोन शलाकांच्या व्यतिकरणातून (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी बळावणे व काही ठिकाणी विझणे) उमटणारा आकृतिबंध, म्हणजे होलोग्राम, प्रकाशसंवेदी पदार्थाच्या संपूर्ण जाडीत नोंदवून अंकीय विदा (डेटा) साठवणारी तबकडी. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तबकड्यांत विदा एका किंवा मोजक्या थरांवर, एकेका सूक्ष्म खुणेच्या रूपाने असते आणि एका वेळी एकच खूण वाचली जाते. होलोग्राफिक तबकडीत ती पदार्थाच्या घनफळात पसरलेली असते व लाखो बिटांचे अख्खे पान प्रकाशाच्या एका झोतात लिहिले किंवा वाचले जाते. एकदा लिहावी, क्वचितच वाचावी, पण दशकानुदशके जपावी लागते अशा विदेसाठी या तंत्राचा विचार प्रामुख्याने झाला. त्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणके ठरली आणि चालती यंत्रेही दाखवली गेली. बाजारात मात्र ते रुजले नाही.

तत्त्व : होलोग्राफीचे मूळ तत्त्व डेनिस गाबोर यांनी १९४८ मध्ये मांडले आणि त्यासाठी त्यांना १९७१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेसरचा शोध १९६० मध्ये लागल्यावर कलासंबद्ध, म्हणजे ज्याच्या लहरी एकमेकींशी ताल राखून चालतात असा, प्रकाश हाती आला आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १९६३ मध्ये, पीटर व्हान हीर्डन यांनी घन पदार्थात होलोग्रामच्या रूपाने विदा साठवण्याची कल्पना प्रसिद्ध केली. त्यांच्या विवेचनातून निघणारी ढोबळ मर्यादा अशी की, तरंगलांबीच्या घनाएवढ्या जागेत एक बिट मावावा. अर्धा मायक्रोमीटर तरंगलांबी धरली, तर एका घन सेंटिमीटरमध्ये आठ लाख कोटी बिट, म्हणजे एक टेराबाइट विदा बसते. नेहमीच्या आकाराच्या तबकडीवरील सुमारे १०० चौरस सेंटिमीटर जागेवर दीड मिलिमीटर जाडीचा थर दिल्यास हा हिशोब १५ टेराबाइटपर्यंत जातो. विक्रीसाठी म्हणून जाहीर झालेल्या पहिल्या तबकडीची धारणक्षमता ३०० गिगाबाइट, म्हणजे याच्या पन्नासाव्या भागाएवढीच होती. ही तफावत कोठून आली हे कळण्यासाठी लेखनाची क्रिया जवळून पाहावी लागते.

लेसरची शलाका प्रथम दुभंगली जाते. एक भाग प्रकाश-नियामक पटलातून जातो किंवा त्यावरून परावर्तित होतो. नखाएवढ्या या पटलावर दहा लाखांहून अधिक चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट बिटाच्या मूल्याप्रमाणे उजळ किंवा काळी ठेवली जाते. ही झाली संकेत शलाका. दुसरा भाग, म्हणजे संदर्भ शलाका, कोऱ्या स्वरूपातच ठरावीक कोनातून तबकडीकडे वळवला जातो. दोन्ही शलाका जेथे एकमेकींना छेदतात तेथे उजळ व अंधाऱ्या पट्ट्यांची त्रिमितीय जाळी उमटते आणि पदार्थाच्या अपवर्तनांकात (प्रकाश किती वळवला जातो याचे माप) तसाच चढउतार कायमचा घडून येतो. वाचताना केवळ संदर्भ शलाका त्याच कोनातून टाकतात. जाळीवर तिचे विवर्तन होऊन, म्हणजे ती ठरावीक दिशेला वळून, मूळ संकेत शलाका पुन्हा साकार होते आणि कॅमेऱ्यात असतो तशा संवेदकावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तो पट जसाच्या तसा, परंतु अतिशय मंद आणि ठिकठिकाणी डागाळलेला, दिसतो. हजार बिटांमागे एखादा, कधी त्याहूनही जास्त बिट चुकीचे वाचले जात असल्यामुळे प्रत्येक पानात त्रुटिनिवारक संकेतांची मोठी भर घालावी लागते. धारणक्षमतेचा एक वाटा येथेच खर्ची पडतो.

या पद्धतीचे खरे बळ एकाच जागी अनेक पाने रचण्यात आहे. जाड थरातील जाळी ब्रॅगच्या अटीनुसार, म्हणजे जाळीतील अंतर व तरंगलांबी यांवरून ठरणाऱ्या, ठरावीक कोनालाच प्रतिसाद देते. दीड मिलिमीटर जाडीच्या थरात कोन अंशाच्या काही शतांशांनी बदलला तरी आधीचे पान दिसेनासे होते आणि त्या नव्या कोनावर दुसरे पान लिहिता येते. अशी शेकडो पाने एकाच ठिकाणी एकमेकांत मिसळून राहतात. कोनाऐवजी तबकडी किंचित सरकवून किंवा तरंगलांबी बदलूनही हेच साधता येते. मात्र पदार्थाच्या अपवर्तनांकात होऊ शकणारा एकूण बदल मर्यादित असतो आणि तो सर्व पानांत वाटला जातो. पानांची संख्या दुप्पट केली, की प्रत्येक पानाचा उजेड निम्मा नव्हे तर एक-चतुर्थांश होतो. सैद्धांतिक मर्यादेपासून प्रत्यक्ष तबकडी इतकी दूर राहिली, ती मुख्यतः या नियमामुळे.

पदार्थ : आरंभीचे संशोधन लिथियम नायोबेटच्या स्फटिकांवर झाले. त्यांत पुन्हापुन्हा लिहिता येते. परंतु वाचनाच्या प्रकाशानेच लेखन हळूहळू पुसले जाते आणि त्यासाठी ते उष्णतेने पक्के करावे लागते. तबकड्यांसाठी पुढे फोटोपॉलिमर पसंत केले गेले. त्यांत आधारद्रव्याच्या जाळ्यात मोनोमरचे, म्हणजे साखळीने जुळून पॉलिमर बनवणारे, सुटे रेणू विखुरलेले असतात. उजळ पट्ट्यांत त्यांचे बहुवारिकीकरण होते, म्हणजे ते असे जुळतात, अंधाऱ्या पट्ट्यांतील मोनोमर तिकडे झिरपत जातो आणि दोन भागांच्या अपवर्तनांकांत फरक पडतो. सुरुवातीच्या पानांना मोनोमर मुबलक मिळतो, म्हणून नंतरच्या पानांना अधिकाधिक काळ प्रकाश द्यावा लागतो. शेवटी उरलेला मोनोमर एकसारख्या प्रकाशात संपवून तबकडी पक्की करतात. कोरी तबकडी उघड्यावर ठेवली तर दिवसाच्या उजेडातच वाया जाते, आणि त्यामुळेच ती प्रकाशबंद पेटीत ठेवावी लागते.

बहुवारिकीकरणात पदार्थ किंचित आक्रसतो आणि तापमान वाढले की प्रसरण पावतो. दोन्हींमुळे जाळीतील अंतरे बदलतात. नागपूरसारख्या शहराचा विचार केला, तर ही तांत्रिक बारकाव्याची बाब राहत नाही. भारतीय खाण ब्यूरो, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या नागपुरातील संस्थांच्या कामाचे स्वरूप पाहता खाणींचे आराखडे, मृदा-नकाशे आणि उपग्रहचित्रे अशी जन्मभर जपायची विदा येथे सतत तयार होते. होलोग्राफिक तबकडीची कल्पना नेमक्या अशाच विदेसाठी होती. परंतु येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री तो दहाच्या आसपास उतरतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत हिवाळ्यात लिहिलेली तबकडी उन्हाळ्यात वाचायची झाल्यास वीस अंशांचा फरक सहज पडतो. पॉलिमर तेवढ्याने हजारात एक-दीड भागाने फुगतो आणि दीड मिलिमीटर जाडीच्या थरात एवढा बदल ब्रॅगचा कोन पानाच्या सहनमर्यादेच्या कितीतरी पलीकडे नेण्यास पुरेसा असतो. लेसरची तरंगलांबी थोडी बदलून ही चूक बऱ्याच अंशी भरून काढता येते. तशी सोय असलेले यंत्र अर्थातच महागते. विदर्भात घरोघरी आणि अनेक कचेऱ्यांत वापरला जाणारा, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडणारा कूलर येथे कामाचा नाही, कारण तो खोली गार करतो तशी हवा दमटही करतो आणि काही फोटोपॉलिमर, विशेषतः पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर आधारलेले, दमट हवेत फुगतात. कोऱ्या तबकडीला तर नुसती उष्णताही अपायकारक असते. प्रकाश न लागताही मोनोमर सावकाश जुळू लागतो.

विकास : अमेरिकेत १९९० च्या दशकात शासकीय साहाय्याने विद्यापीठे व कंपन्यांचे संयुक्त प्रकल्प राबवले गेले आणि १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अंकीय विदा होलोग्राममध्ये साठवून परत वाचण्याचे प्रात्यक्षिक झाले. तबकडीच्या रूपात पुढे तीन वाटा निघाल्या. जपानच्या ऑप्टवेअर कंपनीने संकेत व संदर्भ या दोन्ही शलाका एकाच अक्षावरून आणल्या. तिच्या एचव्हीडी (होलोग्राफिक व्हर्सटाइल डिस्क) या तबकडीत विदेसाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा व मार्गनिश्चितीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर होता, आणि मधल्या परावर्तक थरामुळे दोघांची सरमिसळ होत नसे. सीडीएवढ्या या तबकडीत ३.९ टेराबाइट विदा मावेल असे सांगितले जात होते. एक्मा या प्रमाणीकरण संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रमाणके मात्र २०० आणि १०० गिगाबाइटच्या तबकड्यांची होती. अशा जाहीर आकड्यांकडे किती सावधपणे पाहावे लागते, याचा हा नमुना म्हणता येईल.

बेल प्रयोगशाळांतून २००० मध्ये वेगळ्या झालेल्या इनफेज टेक्नॉलॉजीज कंपनीने कोन बदलून पाने रचण्याची पद्धत स्वीकारली. तिच्या १३ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीत दीड मिलिमीटर जाडीचा फोटोपॉलिमर थर होता. प्रत्येक पानात सुमारे १४ लाख बिट, धारणक्षमता ३०० गिगाबाइट, वेग सेकंदाला २० मेगाबाइट आणि टिकाऊपणा पन्नास वर्षे, असा कंपनीचा दावा होता. यंत्र बाजारात येण्याची तारीख पुनःपुन्हा पुढे गेली आणि २०१० च्या सुरुवातीस कंपनीला काम थांबवावे लागले. तिसरी वाट जनरल इलेक्ट्रिकची. तीत पानांऐवजी एकेका बिटाचा सूक्ष्म होलोग्राम अनेक पातळ्यांवर लिहिला जात असे आणि २००९ मध्ये ५०० गिगाबाइट क्षमतेचे प्रात्यक्षिक जाहीर झाले. ब्लू-रे यंत्रणेशी जुळते घेणारी ही पद्धत तिघींत व्यवहाराला सर्वांत जवळची होती, पण एका झोतात अख्खे पान वाचण्याचा मूळ लाभच तिने सोडून दिला होता.

भौतिकीने या तबकडीला दगा दिला नाही; तिला मागे टाकले ते चुंबकीय साठवणीच्या वेगवान प्रगतीने. २००७ मधील एलटीओ-४ या प्रकारच्या चुंबकीय फितीवर ८०० गिगाबाइट विदा सेकंदाला १२० मेगाबाइट वेगाने लिहिता येत होती, २०१० मधील एलटीओ-५ वर दीड टेराबाइट. दोन टेराबाइटच्या हार्ड डिस्क २००९ मध्येच दुकानांत आल्या होत्या. यंत्र महाग, तबकडी एकदाच लिहिता येणारी आणि वेग फितीच्या सहाव्या भागाएवढा, अशा स्थितीत ग्राहकाने जुनी फीत सोडावी असे कारण उरले नाही.

इनफेजची सामग्री व तंत्रज्ञान पुढे अकोनिया होलोग्राफिक्सकडे गेले. त्या कंपनीने आपले लक्ष चष्म्यांत बसवायच्या होलोग्राफिक भिंगांकडे वळवले आणि २०१८ मध्ये ती ॲपलने विकत घेतली. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केलेल्या संशोधन प्रकल्पात लिथियम नायोबेट स्फटिकांकडे पुन्हा वळण्यात आले असून मेघसंगणनातील (क्लाउड) वारंवार लागणारी, पुनर्लेखनक्षम विदा हे त्याचे उद्दिष्ट होते. त्याच कंपनीचा काचेत अतिसूक्ष्म खुणा कोरणारा सिलिका प्रकल्प आणि शांघाय येथील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेली शंभर थरांची, १.६ पेटाबिट क्षमतेची तबकडी यांचा उल्लेख कधीकधी होलोग्राफिक म्हणून केला जातो. या दोहोंत विदा एकेका बिंदूच्या स्वरूपात लिहिली जाते, पानांच्या व्यतिकरणातून नव्हे, म्हणून त्यांची गणना या प्रकारात होत नाही.