तरोट्याचा अर्क काढतात ती पद्धत आली कुठून

पावसाळा लागला की किनवट-माहूरकडं बाजारात तरोटा, कुर्डू, करटुली यायला लागतात, आणि हल्ली आपल्या मराठवाड्यातल्या एमएस्सी-पीएचडीच्या पोरांच्या टॉपिकमधे पण हीच नावं दिसतात, पुढं 'अँटिऑक्सिडंट' जोडलेलं, म्हणजे पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल शांत करणारा पदार्थ. गंमत अशी की पानांचा अर्क काढून तो मोजायला लॅबमधे जे काही वापरतात त्यातलं बरंचसं रानभाजीसाठी बनलेलंच नव्हतं.

सॉक्सलेट घ्या, सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) उकळून पुन्हापुन्हा फिरवत अर्क काढायचं काचेचं उपकरण. फ्रांझ फॉन सॉक्सलेटनं ते १८७९ मधे दुधातलं फॅट मोजायला काढलं. फोलिन-सिओकाल्टू रीएजंट, म्हणजे रंगावरून मोजायचं रसायन, १९२७ चं, ते प्रोटीनमधल्या टायरोसिन-ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांसाठी होतं, १९६५ मधे सिंगलटन आणि रॉसीनी ते वाईनमधल्या फिनॉलसाठी (वनस्पतीतले अँटिऑक्सिडंट गुणाचे पदार्थ) बसवलं आणि तिथून ते सगळीकडं पसरलं, पण ते व्हिटॅमिन सी आणि काही साखरांनापण रंग देतं, म्हणून त्याचा आकडा जरा फुगलेलाच धरायचा. अँटिऑक्सिडंट मिसळलं की डीपीपीएच या फ्री रॅडिकलचा जांभळा रंग उडतो, ती टेस्ट ब्लॉईसची, १९५८. म्हातारपण फ्री रॅडिकलमुळं येतं ही हार्मनची थिअरी तिच्या दोन वर्षं आधीची, या सगळ्या विषयाला जोर खरा तिथून आला.

खरा घोळ अर्क काढण्यातच आहे. सॉक्सलेटमधे सॉल्व्हंट तासन्‌तास उकळत राहतो, त्यात नाजूक फिनॉल खराब होतात. म्हणून १९८६ च्या सुमारास मायक्रोवेव्ह आला, शिवाय अल्ट्रासाउंड, ज्यात बुडबुडे फुटून पेशीची भिंत तुटते आणि काम मिनिटांत होतं. निव्वळ अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेलं अल्कोहोल बहुतेक वेळा जास्त ओढतं, कारण पाण्यानं पान फुगतं. आता अल्कोहोलचा टक्का, तापमान, वेळ हे तिन्ही एकाच वेळी बदलून बघायची युक्ती बॉक्स-विल्सनची, १९५१ ची, तीही केमिकल कारखान्यातली!

मेथॅनॉलमधे काढून भारी आकडा दाखवणारे पेपर मला तरी पटत नाहीत, ते विष आहे, खाणार कोण. आणि अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मधे आपला अँटिऑक्सिडंटचा ओआरएसी तक्ता (कुठल्या पदार्थाची अँटिऑक्सिडंट ताकद किती, याचा) साइटवरून काढूनच टाकला, कारण टेस्ट ट्यूबमधला आकडा शरीरात तसाच लागू पडतो असं नाही, आणि कंपन्या तो जाहिरातीत वापरत होत्या. आपल्याकडं तर कुर्डू उकडून, पिळून पाणी फेकतात, म्हणजे विरघळणारे फिनॉल बरेचसे तिथंच गेले, मग कच्च्या पानाचा आकडा ताटातल्या भाजीला कसा लावणार?