देशद्रोहाच्या आरोपावरील बचाव (अमेरिका, १७९०–१८०७)

देशाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा शत्रूला साथ देणे म्हणजे देशद्रोह. अमेरिकेच्या संविधानाने व्याख्या केलेला हा एकमेव गुन्हा. टिळकांवरील खटल्यांतील राजद्रोह (कलम १२४ अ) निराळा. तेथे लेखन पुरेसे ठरले. येथे उघड कृती (नुसता हेतू नव्हे, प्रत्यक्ष केलेली गोष्ट) लागते, आणि एकाच कृतीचे दोन साक्षीदार किंवा खुल्या न्यायालयातील कबुली.

या अटीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. दोन साक्षीदारांची अट इंग्लंडच्या १६९५ च्या कायद्यातही होती. परंतु एकाच देशद्रोहातील दोन वेगळ्या कृतींना एकेक साक्षीदार तेथे चाले. ‘एकाच कृतीचे’ ही भर अमेरिकी होय. फिलाडेल्फियात १७७८ मध्ये देशद्रोहाचे आरोपी कार्लाइल व रॉबर्ट्स यांचा बचाव करणारे आणि दोघांनाही फाशी जाताना पाहिलेले वकील जेम्स विल्सन यांच्याकडे काही अभ्यासक तिचे श्रेय देतात. मात्र संविधान घडवणाऱ्या परिषदेतील २० ऑगस्ट १७८७ च्या चर्चेत, शत्रूशी गुप्त पत्रव्यवहार झाल्यास पुरावा कठीण जाईल, ही शंका विल्सन यांचीच. अशा खटल्यांत खोट्या साक्षी सहज उभ्या राहतात, असे सांगून या भरीला पाठिंबा दिला तो बेंजामिन फ्रँक्लिन यांनी. श्रेय फ्रँक्लिन यांच्याकडे अधिक जाते, असे दिसते.

बचावाच्या तयारीचा पाया अमेरिकेचा १७९० चा कायदा. दोषारोपपत्राची प्रत, तसेच ज्यूरी व साक्षीदारांची नावे व वास्तव्यस्थाने खटल्यापूर्वी किमान तीन पूर्ण दिवस मिळत. मागणी केल्यास दोनपर्यंत वकील नेमले जात. कारण न देता ३५ ज्यूरींना हरकत घेता येई. तीन दिवसांत ज्यूरींचे पूर्वग्रह हुडकणे हेच मोठे काम. ते निसटले की निकालानंतर धावाधाव होई. पेनसिल्व्हेनियातील करविरोधी उठावाचे पुढारी जॉन फ्राइस यांच्या १७९९ च्या खटल्यात एका ज्यूरीचा पूर्वग्रह नंतर उघड झाला व फेरखटला मिळाला. १८०० मधील या फेरखटल्यात न्यायमूर्ती चेस यांनी युक्तिवादाआधीच कायद्याविषयीचे लेखी मत पुढे ठेवले. लुइस व डॅलस या वकिलांनी माघार घेतली आणि फ्राइस वकिलाविना उभे राहिले. दोषी ठरल्यावर त्यांना अध्यक्ष ॲडम्स यांनी माफी दिली.

माजी उपाध्यक्ष ॲरन बर यांच्या रिचमंड येथील खटल्यात (१८०७) बचावाने दोषारोपपत्रातील जागा व तारीखच पकडली: ओहायो नदीतील ब्लेनरहॅसेट बेट, १० डिसेंबर १८०६. त्या दिवशी बर तेथे नव्हते. उघड कृती दोन साक्षीदारांनी सिद्ध होईपर्यंत इतर पुरावा थांबवावा, हा अर्ज सरन्यायाधीश मार्शल यांनी ३१ ऑगस्टला मान्य केला; दुसऱ्या दिवशी ज्यूरीने बर यांना सोडले.