बँकेची खिडकी आणि पोलिसांची लाठी : लेबनॉनमधल्या संतापाची पार्श्वभूमी

१४ सप्टेंबर २०२२ रोजी बैरूतमधल्या एका बँकेत एक तरुणी खेळण्यातलं पिस्तूल घेऊन शिरली आणि सुमारे १३ हजार डॉलर घेऊन बाहेर पडली. पैसे तिच्याच कुटुंबाच्या खात्यातले होते. बहिणीच्या कर्करोगावरच्या उपचारांसाठी ते हवे होते आणि बँक देत नव्हती. त्याच्या महिनाभर आधी, शहरातल्याच हमरा भागात, एका खातेदाराने रायफल रोखून कर्मचाऱ्यांना तासन्‌तास डांबून ठेवलं होतं. त्याला वडिलांच्या इस्पितळाचं बिल भरायचं होतं. बाहेर जमलेली गर्दी त्याच्याच बाजूने घोषणा देत होती.

लोक दरोडेखोराच्या बाजूने का उभे राहिले, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

लेबनॉन हा बँकांचा देश. १९५६ मध्ये तिथे खात्यांच्या गुप्ततेचा कायदा झाला आणि आखाती तेलाचा पैसा बैरूतकडे वाहू लागला. दहा वर्षांतच, ऑक्टोबर १९६६ मध्ये, इंट्रा ही देशातली सर्वांत मोठी बँक कोसळली. देशाची विमान कंपनी आणि प्रसिद्ध कॅसिनो यांत या बँकेची मोठी मालकी होती. त्या धक्क्यानंतर ठेवींना हमी देणारी संस्था १९६७ मध्ये उभी राहिली. आपल्याकडेही असंच घडलं होतं. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कुठे १९६२ पासून ठेव विमा लागू झाला. ठेवीदाराची आठवण सरकारांना बँक बुडाल्यावरच होते, मग ते सरकार कुठलंही असो.

१९७५ ते १९९० च्या यादवी युद्धात लेबनीज चलनाचं पार पोतेरं झालं. युद्धापूर्वी दोन-तीन लिरांना मिळणारा डॉलर १९९२ मध्ये अडीच हजारांच्या वर गेला. १९९३ मध्ये रियाद सलामे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. ते मूळचे खासगी गुंतवणूक क्षेत्रातले. डिसेंबर १९९७ पासून त्यांनी डॉलरचा दर १,५०७.५ लिरांवर बांधून टाकला आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ हलला नाही. दुकानात लिरा द्या, डॉलर द्या, काही फरक पडत नसे. सामान्य माणसाला हे स्थैर्य वाटलं, यात त्याचा दोष नाही. गव्हर्नरांना आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळत होते.

दर टिकवायला सतत नवे डॉलर लागत. देशाची निर्यात किरकोळ, त्यामुळे भिस्त परदेशातल्या लेबनीज लोकांच्या पैशावर. आखातात, आफ्रिकेत, अमेरिकेत राबणारे लोक घरी डॉलर पाठवत आणि बँका त्यावर जगात कुठे मिळणार नाही असं व्याज देत. बँका ते डॉलर मध्यवर्ती बँकेकडे ठेवत, सरकारला कर्ज देत. सरकारी कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दीडपटीवर पोचलं. २०१६ मध्ये आवक आटू लागली, तेव्हा मध्यवर्ती बँकेने डॉलर खेचण्यासाठी बँकांना आणखी चढा मोबदला देऊ केला. नव्या सभासदाच्या हप्त्यातून जुन्याचं व्याज भागवणारी भिशी आपल्याकडे गल्लीत चालते, इथे ती अख्ख्या देशाच्या पातळीवर चालली होती. जागतिक बँकेने २०२२ च्या अहवालाच्या शीर्षकातच ‘पाँझी’, म्हणजे अशीच फसवी योजना, हा शब्द वापरला. तो आधी कुणी मोठ्याने उच्चारला असता तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर २०१९ रोजी सरकारने व्हॉट्सअॅपवरच्या कॉलवर कर लावायचं ठरवलं आणि लोक रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी बँका बंद झाल्या, त्या दोन आठवड्यांनी उघडल्या. उघडल्या तेव्हा खातेदारांना स्वतःचे डॉलर मोजून-मापून मिळू लागले. नोव्हेंबरात बँकांच्या संघटनेने आठवड्याला कमाल एक हजार डॉलर ही मर्यादा जाहीर केली. परदेशात पैसे पाठवणं जवळपास थांबलं. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईत पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. तिथे निदान रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, तो ज्या कायद्याखाली निघाला ते कलम दाखवता येत होतं. लेबनॉनमध्ये असे निर्बंध घालणारा कायदा संसदेने त्या वेळी केलाच नाही. बँका आपल्या मर्जीने पैसे अडवत होत्या. वजनदार लोकांनी त्याच काळात पैसे बाहेर नेल्याचे आरोप झाले, त्यांवर चौकशीच्या मागण्या झाल्या.

म्हणून तरुणांचा राग सरकारइतकाच बँकांवर होता. नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात शाळा-महाविद्यालयांतली मुलं वर्ग सोडून मोर्च्यात आली. १४ जानेवारी २०२० च्या रात्री हमरामध्ये मध्यवर्ती बँकेजवळ निदर्शनं झाली, बँकांच्या काचा फुटल्या, धरपकड झाली. दुसऱ्या दिवशी पकडलेल्यांच्या सुटकेसाठी लोक पोलीस बराकीसमोर जमले, तर तिथे निदर्शक आणि पत्रकार दोघांनाही चोप बसला. १८ जानेवारीला मध्य बैरूतमध्ये अश्रुधूर, पाण्याचे फवारे आणि रबरी गोळ्या यांचा मारा झाला, एका रात्रीत तीनशेहून अधिक जण जखमी झाले. एप्रिलमध्ये लेबनॉनमधल्याच त्रिपोली शहरात बँका पेटवल्या गेल्या आणि लष्कराच्या गोळीने २६ वर्षांचा एक तरुण मेला.

मार्च २०२० मध्ये सरकारने १.२ अब्ज डॉलरचे रोखे फेडायला नकार दिला होताच. मग मध्यवर्ती बँकेच्या परिपत्रकांचा सिलसिला सुरू झाला. खात्यातले डॉलर हवेत? मग लिरांमध्ये घ्या, ३,९०० च्या दराने. डिसेंबरात खुल्या बाजारात डॉलर आठ हजारांच्या आसपास होता, म्हणजे खिडकीपाशीच निम्मी रक्कम गळून जाई. खात्यात अडकलेल्या या डॉलरला लोक ‘लोलर’ म्हणू लागले. काही बँकांनी खाती एकतर्फी बंद करून ग्राहकाच्या हाती धनादेश टेकवला. तो देशातल्याच दुसऱ्या बँकेत भरता येई, रोख मात्र कुठेच मिळत नसे.

विद्यार्थ्यांची फरफट यातच आहे. परदेशात शिकणाऱ्या मुलांना आईबाप फी पाठवू शकत नव्हते. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस संसदेने कायदा क्रमांक १९३ मंजूर केला. अशा विद्यार्थ्यासाठी बँकेने जुन्या अधिकृत दराने दहा हजार डॉलरपर्यंत रक्कम पाठवलीच पाहिजे, असं त्यात होतं. बहुतेक बँकांनी सरळ नकार दिला. पालक शाखांमध्ये ठिय्या देऊन बसले, काहींनी कोर्टाची पायरी चढली. देशात शिकणाऱ्यांनाही सुटका नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाने डॉलरमधली फी १,५०७ ऐवजी ३,९०० लिरांच्या दराने घ्यायचं ठरवलं, म्हणजे लिरांमध्ये कमावणाऱ्या घरासाठी ती अडीचपटीवर गेली. १९ डिसेंबरला विद्यार्थी विद्यापीठाच्या फाटकाकडे निघाले, तेव्हा दंगलविरोधी पोलिसांनी अश्रुधुराने त्यांना पांगवलं. चिडलेल्या मुलांनी परतताना बँकांच्या दर्शनी भागांची मोडतोड केली.

मला यात सगळ्यात बोचतं ते हे. पैसे अडवायला कायदा नव्हता, तरी बँकांच्या दारात पोलीस उभे राहिले. पैसे द्यायला लावणारा कायदा झाला, तेव्हा एकाही शाखेत तो पाळायला लावण्यासाठी दंगलविरोधी पथक गेलं नाही.

परदेशी न्यायालयं मात्र वेगळं बोलली. फेब्रुवारी २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दोन लेबनीज बँकांना एका ठेवीदाराचे सुमारे ४० लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. त्यानंतर त्यांतल्या एका बँकेने ब्रिटनमधल्या आपल्या काही खातेदारांची खाती बंद करायला घेतली.

सलामे जुलै २०२३ मध्ये पायउतार झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना अटक झाली. डॉलरचा दर ८९,५०० लिरांवर स्थिरावला. बँकिंग व्यवस्थेतली तूट ७० अब्ज डॉलरच्या वर सांगितली जाते आणि ती ठेवीदार, बँका व सरकार यांच्यात कशी वाटायची, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आहे. दरम्यान अमेरिकन विद्यापीठाने फी रोख डॉलरमध्ये घ्यायला सुरुवात केली. पालकांच्या खात्यात अडकलेले जुने डॉलर तिथे चालत नाहीत.