राज्यपालपद आणि राष्ट्रपतिपदाची उमेदवारी

राज्यपालपद आणि राष्ट्रपतिपदाची उमेदवारी : घटकराज्याच्या विद्यमान वा माजी राज्यपालाचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे येणे, पक्षांनी ते पारखणे आणि निर्वाचकगणातील (निवडून आलेले खासदार व आमदार यांच्या मतदारमंडळातील) मतमूल्यांच्या हिशेबात ते टिकणे किंवा गळणे, एवढ्या मर्यादित विषयाची ही नोंद आहे. सोलापूर जिल्ह्यात हा विषय मुख्यतः सुशीलकुमार शिंदे (जन्म ४ सप्टेंबर १९४१) यांच्या कारकिर्दीमुळे बोलला गेला. आतापर्यंत निवडून आलेल्या १५ राष्ट्रपतींपैकी झाकीर हुसेन, व्ही. व्ही. गिरी, शंकरदयाळ शर्मा, प्रतिभा पाटील, रामनाथ कोविंद आणि द्रौपदी मुर्मू हे सहा जण आधी राज्यपाल होते. या आकड्यावरून राजभवन हा राष्ट्रपतिभवनाचा रुळलेला रस्ता असल्याचा समज होतो. तो तपासून घ्यावा लागतो.

लाभपदाचा प्रश्न : संविधानाच्या अनुच्छेद ५८ नुसार उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याच्या वयाची ३५ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि तो लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडानुसार केंद्र किंवा राज्य शासनाखाली, अथवा त्यांच्या नियंत्रणातील प्राधिकरणाखाली लाभपद (वेतन वा अन्य आर्थिक लाभ देणारे पद) धारण करणारी व्यक्ती या निवडणुकीस अपात्र ठरते. राज्यपालाला वेतन आणि भत्ते मिळतात, मग तो अपात्र का नाही, याचे उत्तर खंडाला जोडलेल्या स्पष्टीकरणात आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल किंवा केंद्राचा वा राज्याचा मंत्री असणे एवढ्याच कारणाने कोणी लाभपद धारण करतो असे मानले जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे राजीनामा न देताही राज्यपालाला अर्ज भरता येतो.

१९५० च्या मूळ पाठात या यादीत राजप्रमुख (पूर्वीच्या संस्थानी राज्यांचे राज्यपालासारखे प्रमुख) आणि उपराजप्रमुख हेही होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते शब्द गेले. सोलापूर जिल्हा आधीपासून मुंबई इलाख्यात होता आणि अक्कलकोट संस्थानही १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यामुळे येथे राजप्रमुखांचा संबंध आला नाही. मात्र शेजारचा उस्मानाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याचे राजप्रमुख खुद्द निजाम होते. बार्शीपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या मुलखाच्या राजप्रमुखाला १९५० ते १९५६ या काळात राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवताना निदान लाभपदाची अडचण आली नसती. प्रत्यक्षात असा विचार कोणी केल्याचा पुरावा मिळत नाही. तरतुदीचा आवाका ध्यानात यावा एवढ्यापुरताच हा दाखला.

स्पष्टीकरणाची गरज काय होती, यावर दोन मते दिसतात. एका मतानुसार राज्यपालपद हे उघड लाभपद असल्याने अपवाद स्पष्ट नोंदवणे भाग होते. दुसरे मत १९७९ च्या रघुकुल तिलक प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार घेते. राज्यपालाचे पद म्हणजे भारत सरकारखालील नोकरी नव्हे, ते स्वतंत्र घटनात्मक पद आहे, असे त्या निर्णयात म्हटले आहे. हे धरले तर स्पष्टीकरण केवळ खबरदारीपोटी आलेले ठरते. तो निर्णय लाभपदाविषयीचा नसून लोकसेवा आयोगाच्या सदस्याच्या निवृत्तीनंतरच्या नेमणुकीवरील निर्बंधाविषयीचा होता, हे लक्षात घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

निवडून आल्यावर मात्र दोन्ही पदे एकत्र ठेवता येत नाहीत, कारण अनुच्छेद ५९ प्रमाणे राष्ट्रपतीला आणि अनुच्छेद १५८ प्रमाणे राज्यपालाला दुसरे लाभपद वर्ज्य आहे. प्रघात याहून कडक आहे. कोविंद यांचे नाव १९ जून २०१७ रोजी जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी बिहारचे राज्यपालपद सोडले. प्रतिभा पाटील यांनीही २००७ मध्ये नाव जाहीर झाल्यावर त्याच महिन्यात जयपूरचे राजभवन सोडले. पक्षांकडे मते मागत फिरणारा राज्यपाल दिसू नये, हे त्यामागचे उघड कारण. उमेदवारी अर्जावर निर्वाचकगणातील ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, १५,००० रुपये अनामत भरावी लागते. राज्यपाल कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसल्याने त्याला स्वतःच्या निवडणुकीत मत नसते.

आरंभाविषयीचे मतभेद : हा मार्ग नेमका केव्हा सुरू झाला, याबाबत एकवाक्यता नाही. काही अभ्यासक तो चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्यापर्यंत मागे नेतात. ते १९४७-४८ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल, नंतर गव्हर्नर जनरल होते. पहिले राष्ट्रपती म्हणून त्यांचे नाव पंडित नेहरूंच्या मनात होते, पण पक्षसंघटनेचा आणि सरदार पटेलांचा कल राजेंद्र प्रसादांकडे राहिला. येथे विचार झाला तो गव्हर्नर जनरलचा, राज्यपालपद पाठीमागे पडलेले होते, म्हणून हा आरंभ मानणे ओढूनताणून वाटते.

दुसरे मत झाकीर हुसेन यांना पहिले उदाहरण मानते. ते १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, पुढे उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. गिरी उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूरचे, तर शर्मा आंध्र प्रदेश, पंजाब आणि महाराष्ट्राचे राज्यपाल होते. दोघेही वर चढले ते उपराष्ट्रपतिपदाच्या पायरीवरून. गिरींचे उदाहरण तर आणखी गुंतागुंतीचे आहे. हुसेन यांच्या निधनानंतर ते कार्यवाह राष्ट्रपती होते आणि जुलै १९६९ मध्ये सर्व पदे सोडून अपक्ष उभे राहिले. तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना काही आठवडे राष्ट्रपतीचे काम पाहावे लागले. दुसऱ्या पसंतीची मते मोजून गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे नीलम संजीव रेड्डी यांच्यापुढे गेले. त्यांच्या राज्यपालपदाचा त्या लढतीत कोणी फारसा उल्लेखही केला नसावा.

राजभवनातून थेट उमेदवारी हा प्रकार २००७ पासूनचा, हे तिसरे मत. पाटील आणि कोविंद थेट आले. मुर्मू यांनी झारखंडचे राज्यपालपद जुलै २०२१ मध्ये सोडले व वर्षभराने त्या निवडून आल्या. प्रस्तुत नोंदीत हेच मत स्वीकारले आहे.

२००२ : राज्यपालाला तोलून बाजूला ठेवल्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. पी. सी. अलेक्झांडर १९९३ पासून मुंबईच्या राजभवनात होते. त्याआधी ते इंदिरा गांधींचे प्रधान सचिव होते. वाजपेयी सरकारने त्यांचे नाव पुढे आणले आणि काँग्रेसने त्यांना पाठिंबा नाकारला. आंध्र प्रदेशचे राज्यपाल राहिलेले तत्कालीन उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचेही नाव पुढे येऊन मागे पडले. शेवटी ए. पी. जे. अब्दुल कलाम उमेदवार झाले आणि मोठ्या फरकाने जिंकले. दोन अनुभवी राजभवनवासी वगळून राजकारणाबाहेरचा शास्त्रज्ञ निवडला गेला, ही गोष्ट राज्यपालपदाला किती वजन द्यावे हे सांगून जाते. अलेक्झांडर त्याच वर्षी महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले.

त्याच वर्षी १२ ऑगस्टला झालेल्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांचे उमेदवार होते सोलापूरचे खासदार सुशीलकुमार शिंदे. भैरोसिंह शेखावत यांना ४५४ आणि शिंदे यांना ३०५ मते मिळाली.

सोलापूर : शिंदे यांचा क्रम नेहमीच्या उलट आहे. सोलापूरच्या न्यायालयातील साधी नोकरी, मग पोलीस उपनिरीक्षक, १९७४ मध्ये करमाळ्यातून विधानसभा. उपराष्ट्रपतिपदाची लढत आधी झाली, जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्रिपद आले आणि राज्यपालपद त्यानंतर. २००४ ची विधानसभा निवडणूक आघाडीने त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात जिंकली, पण पद विलासराव देशमुखांकडे गेले आणि शिंदे नोव्हेंबरात आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले. या नेमणुकीचे दोन अर्थ लावले जातात. दिल्लीतील मोठ्या पदासाठी त्यांना राखून ठेवले, हा एक. मुख्यमंत्रिपद हुकल्याची ती भरपाई होती, हा दुसरा, आणि घटनाक्रम पाहता तो अधिक पटतो. जानेवारी २००६ मध्ये ते राजभवन सोडून केंद्रात ऊर्जामंत्री झाले. जपून ठेवलेल्या उमेदवाराला कोणी वीजटंचाईच्या खात्यात धाडत नाही.

हैदराबाद सोलापूरपासून सुमारे ३०० किमी. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची नाती-गोती आणि व्यवहार त्या बाजूला पूर्वापार आहेत. त्यामुळे हे राज्यपालपद सोलापूरला परके वाटले नाही. त्या राजभवनाचा इतिहासही अनुकूल भासण्याजोगा होता, कारण शंकरदयाळ शर्मा आणि कृष्णकांत हे दोन उपराष्ट्रपती तेथे राज्यपाल राहून गेले होते.

२००७ मध्ये काँग्रेसकडून शिवराज पाटील, करणसिंह यांच्याबरोबर शिंदे यांचेही नाव वृत्तपत्रांत येत राहिले. शिवराज पाटलांच्या नावाला डाव्या पक्षांनी संमती दिली नाही आणि १४ जूनला प्रतिभा पाटील यांचे नाव जाहीर झाले. मराठी, दलित, माजी मुख्यमंत्री, माजी राज्यपाल अशी शिंदे यांची बाजू मांडली जाई. यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत हलका होता. मराठीपणाचा मुद्दा मात्र पोकळ नव्हता, कारण प्रतिभा पाटील उभ्या राहताच राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. पाटील यांना ६,३८,११६ आणि शेखावत यांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळाले. २०१७ मध्ये विरोधकांच्या संभाव्य नावांत शिंदे यांचा पुन्हा उल्लेख झाला. उमेदवारी मीरा कुमार यांना मिळाली.

मतमूल्याचा हिशेब : राज्याची १९७१ च्या जनगणनेतील लोकसंख्या भागिले आमदारसंख्या, पुन्हा भागिले १,०००, असे आमदाराचे मतमूल्य निघते. महाराष्ट्रासाठी ५,०४,१२,२३५ ला २८८ ने भागून ते १७५ येते. उत्तर प्रदेशात ते २०८, सिक्कीममध्ये ७ आहे. २०२२ मध्ये खासदाराचे मतमूल्य ७०० होते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस या ११ जागांचे मिळून १,९२५ होतात. सोलापूर आणि माढा येथील दोन खासदारांचे १,४०० धरले तर बेरीज ३,३२५. माढा मतदारसंघाचा काही भाग साताऱ्यात आहे आणि बार्शी धाराशिव लोकसभा मतदारसंघात मोडते, त्यामुळे ही बेरीज ढोबळच समजावी. त्या वर्षी देशाचे एकूण मतमूल्य १०,८६,४३१ होते. घरच्या जिल्ह्याचा एकमुखी पाठिंबा म्हणजे हजारात जेमतेम तीन.

विधान परिषदेचे आणि नामनियुक्त सदस्य मत देत नाहीत. आमदारांचे मतदान मुंबईत विधानभवनात होते, सोलापुरात मतपेटी येत नाही. आमदाराला गुलाबी आणि खासदाराला हिरवी मतपत्रिका मिळते. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच पसंतीचा अंक लिहावा लागतो. पक्षादेश बजावता येत नाही. तरी पक्षांची गणिते सहसा चुकत नाहीत, म्हणूनच उमेदवार ठरताना सत्ताधारी आघाडीची मर्जी निर्णायक ठरते. राष्ट्रपतींच्या मर्जीवर, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारच्या मर्जीवर टिकणारा राज्यपाल तिच्या नजरेत आधीपासून असतो. राजभवनाचा खरा फायदा एवढाच.

सरकारिया आयोगाची शिफारस : १९८३ मध्ये नेमलेल्या या आयोगाने राज्यपालाने पद सोडल्यावर केंद्र वा राज्य शासनाखाली दुसरे लाभपद घेऊ नये, असा संकेत सुचवला. अपवाद फक्त राज्यपालपदाची दुसरी मुदत आणि राष्ट्रपती किंवा उपराष्ट्रपती म्हणून निवड. हा संकेत पाळला गेला नाही. शिंदे यांचे २००६ मधील मंत्रिपद त्यात बसत नाही. महाराष्ट्राचे राज्यपालपद २००८ मध्ये सोडून पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री झालेले एस. एम. कृष्णा हेही बसत नाहीत.

उपराष्ट्रपतिपद : सोलापूरला लागून असलेल्या कन्नड मुलखातील जमखंडीचे बी. डी. जत्ती ओडिशाचे राज्यपाल राहून १९७४ मध्ये उपराष्ट्रपती झाले आणि १९७७ मध्ये काही महिने कार्यवाह राष्ट्रपती होते. पश्चिम बंगालचे राज्यपाल जगदीप धनखड २०२२ मध्ये उपराष्ट्रपती झाले. विरोधकांनी उभे केलेले माजी राज्यपाल मात्र हरले : २०१७ मध्ये गोपाळकृष्ण गांधी, २०२२ मध्ये मार्गारेट अल्वा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती निवडून आले. मुंबईच्या राजभवनातून थेट त्या पदावर जाणारे शंकरदयाळ शर्मा यांच्यानंतरचे ते पहिलेच.