प्लेनर बोर्ड (वॉलआय मासेमारीतील)

प्लेनर बोर्ड : ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढत केलेली मासेमारी) करताना गळाची दोरी बोटीच्या थेट मागे न राहू देता बाजूला, बोटीपासून दूर नेणारी तरंगती फळी. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांत, विशेषतः ईरी सरोवरात आणि ह्यूरन सरोवराच्या सॅगिनॉ उपसागरात, वॉलआय माशासाठी तिचा वापर सर्वाधिक होतो. या फळीमुळे आमिष खोल जात नाही. ते रुंदीवर पसरते. फळी लावावी की नाही, या प्रश्नाचा निर्णय मुख्यतः याच फरकावर होतो.

वॉलआय (सँडर विट्रियस, पर्सिडी कुल) हा गोड्या पाण्यातील शिकारी मासा आहे. त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने तो अंधूक उजेडात भक्ष्य चांगले पाहतो आणि लख्ख उन्हात बहुधा खोल किंवा गढूळ पाण्याचा आश्रय घेतो. उथळ, नितळ पाण्यात किंवा पृष्ठभागाजवळ असताना डोक्यावरून बोट गेली की तो बाजूला सरकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस झेब्रा शिंपले महासरोवरांत पसरले. पाणी गाळून खाणाऱ्या या शिंपल्यांमुळे अनेक भागांत पाणी अधिक नितळ झाले आणि बोटीपासून दूर आमिष फिरवण्याचे महत्त्व वाढले.

उगम : फळीच्या वंशावळीची मांडणी दोन प्रकारे करता येते. पहिली मांडणी तिला ब्रिटन, आयर्लंड व स्कँडिनेव्हियातील ‘ऑटर’ या साधनाशी जोडते. ऑटर म्हणजे सुमारे एक ते दोन फूट लांबीची, खालच्या कडेला शिसे ठोकलेली लाकडी फळी. किनाऱ्याने चालत किंवा होडीतून ती ओढली की पाण्याच्या दाबाने सरोवराच्या मध्याकडे सरकते. मुख्य दोरीला अंतराअंतरावर आखूड दोऱ्या बांधून त्यांना कृत्रिम माश्यांचे गळ लावलेले असतात. या साधनाने ट्राउट मासे इतक्या सहज मिळत, की इंग्लंडमध्ये कायद्याने त्याला मनाई केली. १९७५ च्या इंग्लंड-वेल्स कायद्यातही ती कायम राहिली आणि त्यातील व्याख्येत छोटी होडी, फळी, काठी किंवा आमिष पाण्यात दूर नेणारे कोणतेही साधन समाविष्ट झाले. रॉडला (गळाच्या काठीला) जोड म्हणून वापरलेली फळीही तीतून सुटत नाही. आजचा प्लेनर बोर्ड या व्याख्येत जवळजवळ जसाच्या तसा बसतो, हे लक्षणीय आहे. नॉर्वेतील डोंगरी सरोवरांत मात्र ही पद्धत काही ठिकाणी टिकून राहिली.

दुसरी मांडणी सागरी अभियांत्रिकीकडे बोट दाखवते. १८९० च्या दशकात ट्रॉल जाळ्याचे तोंड आडवे उघडे ठेवण्यासाठी दोन तिरप्या फळ्या वापरात आल्या. कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक ट्रॉलर आजही त्याच तत्त्वाच्या फळ्या ओढतात. पुढे पहिल्या महायुद्धात डेनिस्टन बर्नी यांनी ब्रिटिश नौदलासाठी पॅराव्हेन विकसित केले. जहाजापासून बाजूला सरकणारे हे साधन पाण्यातील सुरुंगांच्या साखळ्या दूर सारून कापत असे. भौतिक तत्त्व तिन्हींचे एकच आहे. पण ट्रॉल फळी आणि पॅराव्हेन पाण्याखाली चालतात आणि मोठ्या यंत्रशक्तीने ओढले जातात, तर ऑटर तरंगतो आणि एका ओढदोरीवरून अनेक गळ वाहून नेतो. महासरोवरांतील जुन्या धर्तीची मोठी जोडफळी नेमके हेच करते. त्यामुळे ऑटरशी असलेला संबंध अधिक सयुक्तिक वाटतो. निदान तरंगत्या जोडफळीपुरता तरी.

महासरोवरांत फळीचा प्रसार सर्वसाधारणपणे १९७० च्या दशकात सुरू झाला असे मानता येते. १९६६ मध्ये मिशिगन राज्याने कोहो सॅमनची पिल्ले सोडल्यानंतर तेथे ट्रोलिंगला बहर आला. वसंत ऋतूत सॅमन व ट्राउट किनाऱ्यालगत उथळ पाण्यात येत आणि बोटीखालून आमिष नेणारी डाउनरिगरसारखी साधने तेथे निरुपयोगी ठरत. वॉलआयकडे हे तंत्र बहुधा थोडे नंतर वळले. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे १९७० मध्ये ईरीतील वॉलआयची व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली होती. पुढे साठा सावरला आणि १९८० च्या दशकात हौशी मासेमारी वाढली. दोरीवरच बसणारी छोटी फळी याच मागणीतून रुजली असावी.

रचना व कार्य : फळी पाण्यात उभी तरंगते. पुढची कड तिरपी तासलेली असते आणि खालच्या कडेला वजन असते. ओढ मध्याच्या पुढे जोडल्यामुळे फळी प्रवाहाशी कोन करते. आतल्या पृष्ठावर पाणी आदळून ती पतंगासारखी दोरीच्या ताणाविरुद्ध बाहेर सरकते. ओढबिंदू फार पुढे असेल तर कोन कमी होतो आणि फळी बाहेर न जाता मागे रेंगाळते. तो फार मागे असेल तर ओढ वाढते, पण लाटेवर फळी उलटते. मागे जड वजन किंवा खोल बुडणारे आमिष असेल तर रोध वाढून ती बोटीच्या मागच्या अंगाला येते. अशा वेळी दोरी आणखी सोडून उपयोग नसतो. मोठी फळी लावावी किंवा वजन घटवावे. डाव्या व उजव्या बाजूच्या फळ्या सहसा वेगळ्या असतात. चुकीच्या बाजूची फळी बोटीखाली शिरते.

जोडफळी पद्धतीत बोटीच्या पुढच्या भागात डोलखांब उभारतात. त्यावरील मोठ्या रिळांवरून जाड ओढदोरीने दोन-तीन फुटांच्या जुळ्या फळ्या दोन्ही बाजूंना सोडतात. प्रत्येक रॉडची दोरी चिमट्यात धरून तो चिमटा कड्याने ओढदोरीवरून खाली घसरवतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि माशाशी झुंज फळीविना होते. सहा गिऱ्हाइके घेऊन जाणाऱ्या भाड्याच्या मोठ्या बोटींना ही पद्धत सोयीची पडते. दोरीवरची फळी दीड फुटाच्या आतबाहेर असते आणि थेट गळाच्या दोरीवर चिमट्यांनी बसते. एका फळीवर एकच दोरी असते. १६ ते २० फुटी बोटीसाठी हीच अधिक योग्य, कारण वॉलआय सॅमनएवढा जोरकस नसतो आणि लहान मासा जोडफळीचा चिमटा सोडवू न शकता तासभर ओढला जातो. असा मासा मरतो आणि ती दोरीही तोवर वाया जाते.

हाच धोका दोरीवरच्या फळीतही असतो. त्यावरचा उपाय म्हणजे स्प्रिंगवरची झेंडी. ती मागच्या चिमट्याला जोडलेली असते. नुसत्या आमिषाच्या ओढीने झेंडी किंचित कलेल इतकाच स्प्रिंगचा ताण ठेवतात. झेंडी झुकून तशीच राहिली तर लहान मासा किंवा शेवाळ, थरथरली तर आमिष तळाला घासते आहे, ताठ उभी राहिली तर आमिष तुटले किंवा दोरी सुटली असे समजावे. ईरीत २०१५ व २०१८ सारख्या भरघोस पैदाशीच्या वर्षांनंतर लहान मासे विपुल होतात. तेव्हा झेंडीविना फळी वापरू नये.

मांडणी : बोट सुमारे दीड मैल प्रतितास (२.४ किमी) वेगाने सरळ चालवावी. आमिष बोटीलगत सोडून ते सरळ चालते का पाहावे. एका बाजूला पळणारे आमिष नंतर शेजारच्या दोऱ्यांत गुंता करते. मग मोजणी-रिळावरून (सुटलेल्या दोरीची लांबी दाखवणाऱ्या रिळावरून) ठरलेली दोरी, समजा ८० फूट, सोडावी आणि तेथे फळी लावावी. पुढचा चिमटा घट्ट हवा. मागची दोरी पिनेच्या कडीत अडकवावी, म्हणजे चिमटा निसटला तरी फळी हरवत नाही. फळी पाण्यावर ठेवून दोरी अंगठ्याच्या दाबाखाली हळूहळू सोडावी. एकदम सोडल्यास फळी नाक खुपसते. आमिष ते फळी हे अंतर लक्षात ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण खोली त्यावर ठरते. फळी किती बाहेर आहे याचा खोलीशी फारसा संबंध नाही. रिळावरचा एकूण आकडा पाहून दुसरा रॉड लावणारे इथेच चुकतात.

आमिषांच्या खोलीचे प्रचलित तक्ते बहुतांशी १० पौंड ताण सोसणारी मोनोफिलामेंट (एकाच तंतूची) दोरी धरून केलेले आहेत. वेणीची दोरी बारीक असल्याने आमिष अधिक खोल जाते. शिवाय ती गुळगुळीत असल्याने साध्या रबरी चिमट्यातून घसरते. घसरली की फळी आमिषावर जाऊन आदळते. वेणीसाठी मध्ये खुंटी असलेला घट्ट चिमटा वापरावा किंवा दोरीला चिमट्यात एक-दोन पीळ द्यावेत.

दोरीला अधूनमधून लावायच्या वजनासाठी ‘५०-५०’ पद्धत रूढ आहे. ५० फूट दोरी सोडून चिमट्याने अर्धा ते तीन औंसांचे (सुमारे १४ ते ८५ ग्रॅम) शिसे लावायचे, आणखी ५० फूट सोडायची, मग फळी. थंड पाण्यात छोट्या माशाच्या आकाराची आमिषे हळू ओढायला ही उत्तम. गांडुळाच्या माळेसाठी वेग साधारण ०.८ ते १.५, क्रँकबेटसाठी (ओढले की बुडणाऱ्या माशाच्या आकाराच्या कृत्रिम आमिषासाठी) १.५ ते २.५, पत्र्याच्या चमच्यांसाठी २ मैल प्रतितास किंवा त्याहून अधिक ठेवतात.

प्रत्येक बाजूला चार फळ्या बोटीपासून ४०, ६०, ८० व १०० फुटांवर ठेवल्या तर एकूण २०० फूट रुंद पट्टा तपासला जातो. सर्वांत खोल व जड दोऱ्या बोटीजवळ आणि उथळ दोऱ्या बाहेर ठेवाव्यात. म्हणजे बाहेरचा मासा आतल्या दोऱ्यांच्या वरून मागे आणता येतो. मासा निघाल्यावर उरलेल्या फळ्या एकेक बाहेर सरकवून रिकामा रॉड सर्वांत आत लावतात.

वळण : फळ्यांसह वळताना आतली बाजू मंदावते आणि बाहेरची वेगावते. बोट ताशी २ मैलांनी ३०० फूट त्रिज्येचे वळण घेत असेल, तर १०० फुटांवरच्या बाहेरील फळीचा वेग सुमारे २.७ आणि आतल्या फळीचा सुमारे १.३ मैल होतो. त्यामुळे आत बुडणारी आमिषे, विशेषतः वजन लावलेली गांडुळाची माळ, तळाला टेकून अडकतात, तर तरंगती क्रँकबेट वर येतात. मासे सतत आतल्या बाजूस लागले तर वेग कमी करावा, बाहेरच्या बाजूस लागले तर वाढवावा. वेगाचा इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही. तीव्र वळण मात्र घेऊ नये. आतली फळी थांबली की शेजारची दोरी तिच्यावरून जाते.

मासा आणताना बोट थांबवणे ही नेहमीची चूक. दोरी सैल पडते, फळी भरकटते आणि गळ निसटतो. वेग सुमारे एक मैलावर आणून ताण कायम ठेवत रीळ फिरवावे. फळी रॉडच्या टोकापाशी आली की दुसऱ्याने दोन्ही चिमटे सोडवावेत. या क्षणी रॉड वाकलेलाच राहिला पाहिजे. निसटणारे बहुसंख्य मासे इथेच निसटतात. म्हणून सात ते साडेआठ फुटांचे मऊसर रॉड पसंत करतात.

वापरावी केव्हा : मासे पृष्ठभागापासून १५–२० फुटांच्या आत असतील, पाणी नितळ असेल, आणि ते विस्तीर्ण उघड्या पाण्यात विखुरलेले असतील, तेव्हा फळीला पर्याय नाही. ईरीच्या पश्चिम खोऱ्याची सरासरी खोली जेमतेम २४ फूट (सु. ७ मी.) आहे. वसंतात मॉमी व सँडस्की नद्यांत आणि खडकाळ उथळ्यांवर अंडी घालून झाल्यावर मासे येथून पांगतात. त्यांतील बरेच उन्हाळ्यात सुमारे ६० फूट सरासरी खोलीच्या मध्य खोऱ्याकडे जातात आणि मधल्या थरात तरंगतात. दोन्ही ठिकाणी फळी उपयोगी पडते. मध्य खोऱ्यात तिच्यामागे बुडणारे जेट डायव्हर (आमिष खोल नेणारे साधन) किंवा शिशाच्या गाभ्याची दोरी लावावी लागते. शरदात ओहायोतील ह्यूरन गाव ते क्लीव्हलंड या किनाऱ्यालगत रात्री ट्रोलिंग करतात तेव्हा फळ्यांवर छोटे दिवे लावतात.

मासे तळाला चिकटून एखाद्या कडेवर, टेकाडावर किंवा पाणवनस्पतींच्या सीमेवर असतील, तर फळी लावू नये. कडेची वळणे बोटीला घेता येतात, १०० फुटांवरच्या फळीला नाही. तेथे तळाला टेकत जाणारे वजन किंवा बोटीमागची साधी दोरीच सरस. तरंगते शेवाळ, बोटींची दाटी आणि अरुंद नदीपात्र हीदेखील फळी गुंडाळून ठेवण्याची कारणे आहेत. मोठ्या लाटांत वाऱ्याच्या दिशेनेच चालावे. ३५–४० फुटांखालील माशांसाठी दिशा बदलता येणारे डायव्हर अधिक सोपे पडतात. ते बाजूला आणि खोल, दोन्हीकडे जातात, मात्र फळीइतके दूर नाही.

दोऱ्यांच्या संख्येवरील मर्यादाही निर्णायक ठरते. मिशिगन व विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन दोऱ्यांना परवानगी आहे, त्यामुळे दोघांच्या बोटीतही सहा आमिषे पसरवायला फळ्या लागतातच. मिनेसोटाच्या अंतर्गत सरोवरांत उघड्या पाण्यात माणशी एकच दोरी चालते. तेथे दोघांसाठी फळीचा लाभ आमिष बोटीपासून दूर नेण्यापुरता उरतो. ऑन्टारिओत सर्वसाधारणपणे एक दोरी असून महासरोवरांच्या काही भागांत बोटीतून दोन चालतात. मिझुरी नदीवरील ओआही, सॅकाकविया यांसारख्या जलाशयांतही फळ्या वापरल्या जातात.