गावातला अटॅक मोजायचा कसा?

"काही नाही, गॅस होय." छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे पहिलं निदान हेच. मग ओवा, सोडा, कोणीतरी पाठ चोळून देतं. डाव्या हाताची कळ दिवसभराच्या वावरातल्या कामावर ढकलली जाते. पहाटे रडारड. पुढं ग्रामपंचायतीत नाव, वय, तारीख लिहिली जाते, पण माणूस कशानं गेला हे सांगायला तिथं डॉक्टर नसतोच. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेलं होतं, तेही मुख्यतः शहरातल्या दवाखान्यांत. हृदयरोग म्हणजे शहरातल्या, खुर्चीत बसून जाड झालेल्या माणसांचा आजार, हा समज इतकी वर्षं टिकला याचं एक कारण हेच असावं. त्यांच्या मृत्यूंची कारणं कागदावर येत होती, आपल्यांची येत नव्हती.

घरी झालेल्या मृत्यूचं कारण शोधायची एक पद्धत आहे, तोंडी शवचिकित्सा. तेरवी आटोपली, घर जरा सावरलं की प्रशिक्षित कार्यकर्ता येतो आणि शेवटचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना विचारत बसतो. दुखणं नेमकं कुठं होतं? किती वेळ टिकलं? घाम फुटला होता का? चालताना धाप लागायची? पायावर सूज होती? तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली? तंबाखू होती? बीपीची गोळी सुरू होती, की सोडली होती? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतात. मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता तो कागद वाचून कारण ठरवतात, आणि जुळलं नाही तर तिसरा निवाडा करतो. पद्धत बिनचूक नाही, फार म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत जास्तच चुकते. पण "गॅस डोक्यात चढला" यापेक्षा कितीतरी बरी.

याच पद्धतीनं देशभर झालेल्या मिलियन डेथ स्टडीतून धक्का देणारी गोष्ट पुढं आली. २००० ते २०१५ या काळात ३० ते ६९ वयाच्या माणसांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यानं होणाऱ्या मृत्यूंचा दर गावांत झपाट्यानं वाढला आणि शहरांच्या पुढं गेला. एकूण मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा १९९० साली १५.२ टक्के होता, २०१६ मध्ये २८.१ टक्के झाला, असा दुसरा एक आकडा नेहमी सांगितला जातो. तो जरा जपून वाचावा. हगवण, क्षय असे आजार कमी झाले आणि माणसं जास्त जगू लागली, की हृदयरोगाचा वाटा आपोआपच फुगतो. कर्त्या वयातल्या मृत्यूंचं मात्र असं समर्थन करता येत नाही.

आपल्या विदर्भातल्या गडचिरोलीचंच बघा. सर्च संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतले २०११ ते २०१३ मधले मृत्यू असेच तपासले. पहिल्या क्रमांकावर ना मलेरिया होता ना सर्पदंश. होता लकवा. शंभरातले चौदा मृत्यू मेंदूच्या झटक्यानं, आणि त्यातले बहुतेक घरीच. लकवा मेंदूत होतो, हृदयात नाही, हे खरं. पण दोन्हींच्या मुळाशी बिघडलेल्या रक्तवाहिन्या आणि वाढलेलं बीपीच असतं.

आता खरं कोडं. प्युअर नावाच्या अभ्यासात १७ देशांतली दीड लाखाहून जास्त माणसं होती. २०१४ च्या निष्कर्षांत श्रीमंत देशांतल्या लोकांमध्ये धोक्याचे घटक, म्हणजे बीपी, साखर, तंबाखू वगैरे, सर्वांत जास्त निघाले, गरीब देशांत सर्वांत कमी. झटके मात्र उलटे, गरीब देशांत जास्त. झटका, लकवा वगैरे आलेल्या शंभर माणसांतली श्रीमंत देशांत साधारण साडेसहा दगावली, गरीब देशांत सतरा. म्हणजे दोष निव्वळ तेल-तुपाचा नाही. झटका आल्यावर पुढच्या काही तासांत काय होतं, हा मुख्य मुद्दा आहे.

हृदयाच्या धमनीत साठलेल्या चरबीवरचा पापुद्रा फाटतो, तिथं रक्ताची गुठळी होते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत कामाचं, बारा तासांनंतर जवळजवळ निरुपयोगी. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरच्या चाचणीत इंजेक्शन आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत आठ टक्के दगावले, काहीच न मिळालेल्यांपैकी तेरा टक्के. एकट्या ॲस्पिरिननंही मृत्यू जवळपास चौथाईनं कमी झाले, आणि ही गोळी काही रुपयांत मिळते. पण आधी ईसीजी हवा, तो वाचणारा हवा, आणि तिथवर पोचायला रस्ता हवा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. धारणीहून अमरावतीला यायचं तर मेळघाटातली वळणं. त्यात पहिले चार तास गॅस समजून घरातच गेलेले.

आणि खर्रा. पानठेल्यावर पन्नीत सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना टाकून तो घोटत बसणं हा आपल्याकडे कामाइतकाच नेहमीचा कार्यक्रम. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची, पण खर्रा ठेल्यावरच तयार होतो, त्याला कारखाना लागत नाही. "बिडी सोडली, आता फक्त खर्रा" असं अभिमानानं सांगणारे भेटतात. धूर नाही म्हणून फुफ्फुस वाचत असेल, पण निकोटिन गालातूनही रक्तात जातंच. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, आणि दिवसभर पुडी तोंडात असली की ते चढतच राहतं.

बीपीवर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. २०१७ च्या शेवटी सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते, त्यात वर्धा आणि भंडारा आपले. ॲम्लोडिपिनसारखी ठरलेली औषधं, सगळीकडे एकच पद्धत, आणि ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. यातलं सर्वांत अवघड काम हे शेवटचंच. "बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य आशाताईंना पाठ झालेलं असतं. नॉर्मल आलं ते गोळीमुळं. गोळी बंद केली की काही दिवसांत ते परत चढतं, कुठं दुखत नाही, आणि सोयाबीनची सवंगणी सुरू असताना फक्त आकडा बघायला दवाखान्यात कोण जाणार?