तोंडावरून गेलेलं वारं

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहावं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटता मिटत नाही. सांगली-मिरजेकडे याचं निदान घरातच होतं : ‘तोंडावरून वारं गेलं.’ अर्धं अंग लुळं पडलं तरी अंगावरून वारंच जातं. शब्द एक, आजार दोन.

हा घोळ जुना आहे. आयुर्वेदात ‘अर्दित’ ही वातव्याधी. सुश्रुताने ती चेहऱ्यापुरती धरली, चरकाने अर्ध्या अंगापर्यंत नेली. पुढे लोकांच्या तोंडी वाताचं गार वारं झालं : पहाटे कान न बांधता गाडीवर गेला, एसटीत खिडकीशी बसली. हसायचं कारण नाही, युरोपही तेच म्हणत होता. जर्मन वैद्य फ्रिडरिश यांनी १७९८च्या सुमारास असे रुग्ण नोंदवले, तेही संधिवाताच्याच खात्यावर.

स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी गाढवांवर प्रयोग करून १८२१मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं, की चेहऱ्याच्या हालचालींची नस संवेदनेच्या नसेपासून वेगळी आहे. म्हणून हा ‘बेल्स पाल्सी’. ही सातवी नस कानामागच्या हाडातल्या चिंचोळ्या बोगद्यातून येते. आत सुजली की तिला पसरायला जागा नसते. सूज का येते? संशय हर्पिसच्या विषाणूवर. १९९६मध्ये जपानी डॉक्टरांना १४पैकी ११ रुग्णांत त्याचा अंश सापडला.

खरी खूण भुवईत असते. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. त्यामुळे मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडं झालं तरी कपाळाला सहसा आठ्या पडतात. नसच बसली असेल तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं. पण हातपाय जड झाले, बोबडी वळली, तर भुवई बघत बसू नये, थेट मोठा दवाखाना गाठावा. कानात फोड आले असतील तर दुखणं वेगळं, तेही डॉक्टरांना सांगावं.

मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४मध्येच सुरू झालं, दवाखान्यांची या गावाला वाण नाही. तरी पहिले चार दिवस जातात तेलाच्या मालिशीत, नाहीतर पारव्याचं रक्त चोळण्यात. आणि गोळ्यांचा काळ नेमका तोच. २००७मध्ये बेल यांच्याच स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर चाचणी झाली. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलेले ९४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत ८२ टक्के. विषाणूवरच्या गोळीने फरक पडला नाही.

म्हणजे बहुतेकांचं तोंड औषधाविनाही सरळ होतं, आणि पारव्याची ख्याती त्यावरच टिकून आहे. उघड्या डोळ्याला मात्र तेवढी सवड नसते. बुबुळ कोरडं पडून जखम होते. म्हणून दिवसा थेंब आणि चष्मा, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद.